एल्म, इंग्लिश

वावळ्याच्याच अल्मेसी कुलातील हा उंच, पानझडी वृक्ष दक्षिण इंग्लंडमधील गावे आणि शेतांची कुंपणे यांत एकेकाळी सर्वत्र दिसत असे. पान खरखरीत, दुहेरी दंतुर आणि तळाशी असमान असते; पात्याची एक बाजू देठावर दुसरीपेक्षा खाली उतरते. शहरांत त्याची गल्लत मुख्यतः विच एल्म या एल्मच्याच दुसऱ्या जातीशी होते. विच एल्मचे पान मोठे व जवळजवळ बिनदेठाचे असून त्याच्या सपक्ष फळात बी मध्यभागी असते, तर इंग्लिश एल्ममध्ये ते पंखाच्या खाचेकडे सरकलेले असते. बुंध्याभोवती मुनवे (मुळांतून फुटणारे कोंब) असल्यास तो वृक्ष सहसा विच एल्म नसतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. वायव्य स्पेन व उत्तर पोर्तुगालमधील एल्मशी असलेले साम्य वनस्पतिशास्त्रज्ञ रिचन्स यांनी दाखवले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने इंग्लिश एल्म हा एकच कृंतक (एकाच झाडापासून बीजाविना वाढलेली, जनुकीयदृष्ट्या एकसारखी झाडे) असल्याचे दाखवून, द्राक्षवेलींना आधार म्हणून रोमनांनी लावलेल्या व इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन कृषिलेखक कोलुमेलाने शिफारस केलेल्या ‘अतिनियन’ एल्मशी त्याचा संबंध जोडला. रोमन मत आज अधिक ग्राह्य वाटते. तथापि झाडे कृंतक असल्याने त्यांची एकरूपता सिद्ध होते, ती ब्रिटनमध्ये कोणी व केव्हा आणली हे नव्हे.

बी बहुधा वांझ असल्याने अभिवृद्धी मुळांसह काढलेले मुनवे किंवा उन्हाळ्यात दमट हवेत रुजवलेली छाट कलमे यांनी करतात. (विच एल्मचे बी मात्र पिकताच पेरावे लागते, त्याची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही.) जोडलेल्या मुळांतून डच एल्म रोगाचे कवक (बुरशी) पसरत असल्यामुळे मुनवे निरोगी झाडाचेच घ्यावेत.

हे कवक सालीतील भुंगेऱ्यांमार्फतही पसरते. त्याच्या १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या अधिक घातक जातीने ब्रिटनमधील कोट्यवधी एल्म मारले. उन्हाळ्याच्या आरंभी एखाद्या फांदीच्या शेंड्याची पाने पिवळी पडून आक्रसतात. ती फांदी सोलल्यास रसकाष्ठात (सालीखालच्या बाहेरील लाकडात) काळपट रेषा दिसतात. सर्व झाडे एकाच कृंतकाची असल्याने एकाला घातक ठरणारा रोग सर्वांनाच घातक ठरतो. कुंपणातील छाटलेली झुडपे बारीक खोडामुळे बहुधा वाचतात, पण खोड जाड होताच भुंगेरे त्यांच्याकडेही वळतात.

दक्षिण इंग्लंडमधील ब्रायटन शहरात समुद्र व टेकड्यांचा आडोसा आणि बाधित झाडे तातडीने तोडण्याची शिस्त यांमुळे निरनिराळ्या प्रकारचे सुमारे १७ हजार एल्म टिकले आहेत. तरीही प्रेस्टन पार्कमधील सुमारे चार शतके जुन्या दोन इंग्लिश एल्मपैकी एक २०१९ मध्ये रोगामुळे तोडावा लागला. सालीसह एल्मचे लाकूड, जळणासाठीसुद्धा, शहरात आणू नये असे तेथील रहिवाशांना सांगितले जाते.