पाचगणीचा बकी, लंडनचा फ्रेडी आणि मधली गायब वर्षं

दर नोव्हेंबरात फ्रेडी मर्क्युरीची पुण्यतिथी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरतो, 'क्वीन' बँडचा हा एवढा मोठा रॉकस्टार आपल्या पाचगणीत शिकलेला, जातीचा पारशी, खरं नाव फारोख बलसारा. मेसेज खोटा नाहीये. पण त्यात पाचगणीवरून उडी थेट लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर पडते आणि मधली वीसेक वर्षं गायब. माझ्या मते तर सगळा मसाला त्या मधल्या वर्षांतच आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. तेव्हा तिथे सुलतान होता पण कारभार ब्रिटिशांचा, आणि वडील बोमी बलसारा ब्रिटिश सरकारी नोकरीत कॅशियर. घराणं मूळचं गुजरातचं, बलसाडकडचं. घरात पारशी रीतभात, बाहेर आफ्रिका, वर इंग्रजांचं राज्य. अशा घरांमधून मुलांना भारतातल्या बोर्डिंगात पाठवायची पद्धत होतीच, तसं आठ वर्षांच्या फारोखलाही बोटीत बसवून पाठवलं आणि तो येऊन पोचला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. पाचगणी हे ब्रिटिशांनी हवा खायला वसवलेलं गाव, पारशांचे बंगलेही तिथे बरेच, आणि बोर्डिंग स्कूलची रेलचेल तेव्हाही होती. मोठ्या सुट्टीतसुद्धा झांझिबारला जाऊन येणं दरवेळी जमण्यासारखं नव्हतं, मग मुंबईला नातेवाइकांकडे राहायचं.

पोरांनी त्याला बकी म्हणायला सुरुवात केली, कारण पुढे आलेले दात. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे रेटले गेले होते. पुढे पैसा आला, लंडनचा कुठलाही डेंटिस्ट परवडला असता, तरी त्याने ते काढून घेतले नाहीत, आवाज बिघडेल ही भीती. फोटोत तो सतत ओठांनी दात झाकताना दिसतो बघा, म्हणजे लाज होती, पण आवाजापुढे लाजेचं काही चाललं नाही.

शाळेत पियानोची शिकवणी लागली, चौथ्या ग्रेडपर्यंत परीक्षा दिल्या. पण मित्र आठवण सांगतात ती वेगळीच, रेडिओवर एखादं गाणं एकदा ऐकलं की हा जाऊन पियानोवर तसंच्या तसं वाजवायचा. १९५८ मध्ये पाच पोरांनी बँड काढला, द हेक्टिक्स. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो असली गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे. आणि इथे एक गोष्ट मेसेजवाले कधीच सांगत नाहीत, फ्रेडी या बँडचा मेन गायक नव्हताच. गायचा ब्रूस मरे, फ्रेडी मागे पियानोवर आणि कोरसला. बाकीच्यांची आयुष्यंही भारी निघाली हां, डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला, फरांग इराणी पुण्यात सिझलर्सच्या धंद्यात नावाजला. फ्रेडी हे नावही याच काळात चिकटलं.

मग अभ्यासात घसरगुंडी झाली आणि १९६३ च्या सुमारास गडी झांझिबारला परत. तिथे जेमतेम स्थिरावतोय तोवर जानेवारी १९६४ मध्ये क्रांती झाली, सुलतानाला हाकललं, अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांवर हल्ले झाले, कित्येक मारले गेले. बलसारा कुटुंब होतं नव्हतं ते सोडून इंग्लंडला गेलं आणि राहिलं फेल्टमला, हीथ्रो विमानतळाजवळ, डोक्यावरून दिवसभर विमानं. फ्रेडी सतरा वर्षांचा. तो हौसेने लंडनला गेलेला कलाकार वगैरे नव्हता, सरळ निर्वासिताचं पोर होतं ते, आणि हे एकदा डोक्यात घेतलं की पुढचं बरंच काही वेगळं दिसायला लागतं.

ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन केलं, १९६९ ला डिप्लोमा. मधे हीथ्रोवर सामान उचलायचं कामही केलं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा नुसता भक्त, त्याची चित्रं काढायचा. कॉलेजातला मित्र टिम स्टॅफल 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये गायचा, गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर. हा त्यांच्या कार्यक्रमांना जायचा आणि नंतर फुकटचे सल्ले, कपडे असे घाला, स्टेजवर असे उभे राहा. रॉजरबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये स्टॉल टाकला, जुने कपडे विकायचे, पैशाची बोंबच. आयबेक्स, रेकेज, सावर मिल्क सी असे दोनतीन बँड करून बघितले, एकही धड टिकला नाही. शेवटी १९७० मध्ये स्टॅफल सोडून गेला आणि सल्ले देणारा थेट माइकवर आला.

बँडचं नाव क्वीन ठेवायचं हा हट्ट त्याचा, बाकीचे कचरत होते. मर्क्युरी हे आडनावही तेव्हाच घेतलं. आणि बँडचं चिन्हही स्वतः काढलं, चौघांच्या राशी घेऊन: बास गिटारवाला जॉन डीकन आणि रॉजर सिंहेचे म्हणून दोन सिंह, ब्रायन कर्केचा म्हणून वर खेकडा, स्वतः कन्येचा म्हणून दोन पऱ्या, आणि सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स. हे पहिला अल्बम यायच्या जरा आधी बरं. आर्ट कॉलेज वाया गेलं नाही म्हणायचं.

पहिला अल्बम १९७३, 'किलर क्वीन' १९७४ ला गाजलं, आणि १९७५ ला 'बोहेमियन रॅप्सडी'. याच्यावर थोडं थांबू. २०२३ मध्ये सदबीजने त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव केला तेव्हा गाण्याचे हाताने लिहिलेले कागद बाहेर आले, एका विमान कंपनीचे जुने छापील कागद, आणि त्यावर आधी लिहिलंय 'मंगोलियन रॅप्सडी', मग मंगोलियन खोडून बोहेमियन! रेकॉर्डिंगची सुरुवात वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत. मधला ऑपेराचा भाग ऐकताना पन्नासशंभर माणसांचा कोरस वाटतो ना, ते फक्त तिघं आहेत, फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर, तेच तेच परत गाऊन आवाजावर आवाज चढवलेले. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, चोवीस ट्रॅकची टेप, ती इतक्या वेळा मशिनवरून फिरली की घासून आरपार दिसायला लागली. गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं, रेडिओवर साधारण तीनेक मिनिटांचीच गाणी लागायची, लोक म्हणाले कापा, हे नाही म्हणाले. केनी एव्हरेट या रेडिओवाल्याने एका वीकेंडला चौदा वेळा वाजवलं, आणि मग इंग्लंडात नऊ आठवडे एक नंबरवर.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून पळवतो. १९७७ ला 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स', नंतर मिशी आणि बारीक केस, १९८१ ला साओ पावलोत एका रात्री १,३१,००० लोक. जपानमध्ये तर १९७५ पासून लोक वेडे होते. भारतात मात्र क्वीनचा एकही शो झाला नाही. १९८४ ला वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन वाजवलं, त्यावर भरपूर शिव्या खाल्ल्या, आणि त्या रास्तच होत्या.

१३ जुलै १९८५ ला वेम्बलीवर झालेल्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाबद्दल २०१८ च्या 'बोहेमियन रॅप्सडी' सिनेमाने फार गोंधळ करून ठेवलाय. सिनेमात बँड फुटलेला असतो, फ्रेडीला एड्सचा आजार कळलेला असतो आणि मग तो भावनेच्या भरात स्टेजवर येतो. फ्रेडी झालेल्या रामी मालेकने काम झकास केलं, ऑस्करही मिळालं, पण खरी हकीकत तशी नाही. त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत त्यांची टूर चालू होती, हात साफ होता. आजाराचं निदान १९८७ चं. वेळ वीसेक मिनिटांचाच मिळणार म्हणून नवीन गाणी खपवायच्या भानगडीत न पडता हिट गाण्यांचे तुकडे जोडले आणि लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालीम केली. संध्याकाळचं ऊन, लाइट शो नाही, समोर ७२,००० लोक, त्यातले बहुतेक फक्त यांच्यासाठी आलेले नाहीत. तो पियानोशी बसतो, मग उठून अर्ध्या दांड्याचा माइक घेऊन निघतो आणि नुसत्या 'एऽऽओ'वर अख्खं स्टेडियम आपल्यामागून गाऊन घेतो. नशिबाचा भाग त्यात कमी, तयारीचा जास्त.

आता तो नेहमीचा प्रश्न, की भारताबद्दल तो बोलला का नाही. इंटरव्ह्यूत खरंच फारसा बोलायचा नाही. आपल्याकडे लगेच 'लाज वाटायची' असा निकाल देऊन मोकळे होतात. अरे पण तो काळ बघा ना, १९६८ ला खासदार इनॉक पॉवेलचं स्थलांतरितांविरुद्धचं भाषण, त्याच वर्षी केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांना अडवायला संसदेने घाईघाईत केलेला कायदा, आणि हा तेव्हा एकवीस वर्षांचा, पूर्व आफ्रिकेतूनच आलेला, बँड शोधत फिरणारा. त्या इंग्लंडात बलसारा नाव लावून रॉकमध्ये कोणी उभं केलं असतं? त्याच्या मनात काय होतं ते सांगायचा आव मी आणणार नाही, पण घर बदललं, देश बदलला, मग नाव बदललं, यात मला लाजेपेक्षा हिशेब जास्त दिसतो. आणि घर त्याने तोडलं नाही, आईवडील आणि बहीण कश्मिरा शेवटपर्यंत होते.

१९८८ ला मोन्सेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबर 'बार्सेलोना' अल्बम केला, रॉकवाल्याने असलं काही करायची तेव्हा रीत नव्हती. १९९१ मध्ये 'इन्युएन्डो' आला, आणि त्यानंतरही स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला जाऊन उभं राहवेना तरी गातच होता. 'मदर लव्ह'चं शेवटचं कडवं त्याच्याकडून झालंच नाही, ते ब्रायनने गायलंय. २३ नोव्हेंबरला आपल्याला एड्स असल्याचं निवेदन काढलं, दुसऱ्या दिवशी गेला, वय ४५. लंडनमध्ये अंत्यसंस्कार झाले ते पारशी धर्मगुरूंच्या हातून, आणि मगच बऱ्याच गोऱ्या चाहत्यांना हा पारशी होता हे कळलं.

त्या डिसेंबरात 'बोहेमियन रॅप्सडी' पुन्हा एक नंबरवर गेलं. झांझिबारची गंमत वेगळीच, २००६ मध्ये तिथे त्याच्या साठाव्या वाढदिवसाचा कार्यक्रम ठरला होता तो एका धार्मिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावा लागला, आणि आता त्याच स्टोन टाउनमध्ये त्याच्या नावाचं म्युझियम आहे, टुरिस्ट तिकीट काढून बघतात.