खोली-सुधारणा व सबवूफर

होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या मुख्य यंत्रात) खोलीमुळे बिघडलेला आवाज मायक्रोफोनने मोजून सावरणारी जी यंत्रणा असते, तिला खोली-सुधारणा (रूम करेक्शन) म्हणतात. सबवूफर म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा, बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर पोटात घेऊन येणारा स्पीकर. दुकानात या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा होतो. घरात तो एकत्रच करावा लागतो, आणि ठाणे–नवी मुंबईच्या सदनिकांमध्ये त्याला पर्यायच नाही.

घोडबंदर रस्त्यावरचा किंवा खारघरचा एखादा हॉल घ्या : १० फूट रुंद, १६ फूट लांब, साडेनऊ फूट उंच. ३० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. ज्या सुराची अर्धी तरंगलांबी समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराइतकी भरते, तो सूर त्या भिंतींमध्ये अडकून घुमतो. या हॉलमध्ये लांबीचा असा सूर सुमारे ३६ हर्ट्झवर येतो, रुंदीचा ५७ वर आणि उंचीचा ६० वर. शेवटचे दोन इतके शेजारी आहेत की ते एकमेकांना साथच देतात. स्फोट असो, ढोल असो की बंद होणारा दरवाजा, सगळ्यांना एकाच सुराचा ‘ढुम्म’ चिकटतो तो यामुळे. मायवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. त्या खर्ज फारसा शोषत नाहीत, परत पाठवतात.

अशा खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली ऐकू येतं ते स्पीकरपेक्षा खोलीचं. हीच सीमा मोठ्या सभागृहात खूप खाली, जवळजवळ ऐकू येण्याच्या तळाशी जाते. म्हणून गडकरी रंगायतनमध्ये तबल्याचा डग्गा खुर्ची बदलली तरी डग्गाच राहतो आणि आपल्या हॉलमध्ये सोफ्याच्या एका टोकाला तो फुगतो, दुसऱ्या टोकाला हरवतो.

सुधारणेच्या प्रणाली बऱ्याच आहेत. डेनॉन व मरांट्झच्या रिसीव्हरमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ, तर स्वीडनची डिरॅक लाइव्ह अनेक कंपन्यांच्या यंत्रांत मिळते. ऑडिसीच्या संस्थापकांपैकी टॉमलिन्सन होल्मन हे त्याआधी टीएचएक्स या चित्रपटगृहांच्या ध्वनीसाठी बनलेल्या मानकामागचे अभियंता होते. मुख्य स्पीकरचा खर्ज ८० हर्ट्झवर सबवूफरकडे वळवण्याची घरोघरची रीत त्याच मानकामुळे रुळली. कामाची पद्धत सगळ्यांची साधारण सारखीच : खालून वर सरकणारी शीळ प्रत्येक स्पीकरमधून वाजवायची, ती बसण्याच्या अनेक जागांवरून मोजायची आणि उलटा फिल्टर, म्हणजे फुगलेले सूर दाबणारी गाळणी, बसवायचा.

मात्र या फिल्टरला फुगलेल्या सुरांचे उंचवटे कापता येतात, हरवलेल्या सुरांचे खड्डे भरता येत नाहीत. जिथे थेट आलेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना खोडतात, तिथे आवाज वाढवला की दोन्ही लाटा सारख्याच वाढतात आणि खड्डा जिथल्या तिथे राहतो. शिवाय १० डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरची दसपट ताकद लागते. खड्ड्यावर इलाज एकच, सबवूफर नाहीतर सोफा हलवणे. सबवूफरची जागा शोधायची जुनी युक्ती गमतीची आहे : सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, खर्जाचं एखादं संगीत चालू करायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत कान लावायचा. जिथे खर्ज सर्वांत एकसारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर न्यायचा. घरच्यांसमोर रांगायची तयारी हवी, इतकंच.

मोजमापाला शांतता लागते. पंखा, एसी, फ्रिज सगळं बंद. घोडबंदरचे ट्रक मायक्रोफोनला ऐकू आले की रिसीव्हर गोंगाटाची तक्रार करून थांबतो. सर्वांत शांत वेळ पहाटेची, पण नेमकी त्याच वेळी ही शीळ वाजवता येत नाही. त्यातल्या त्यात रविवारची दुपार बरी : सोसायटी वामकुक्षीत असते आणि पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी ड्रिलिंगला बंदी असते. मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर न ठेवता स्टँडवर, कानाच्या उंचीला लावावा. ऑडिसी अंतर आणि पातळी पहिल्या जागेवरून ठरवते, म्हणून ती जागा मुख्य श्रोत्याचीच असावी.

मोजून झाल्यावर रिसीव्हर सबवूफरचं अंतर १० ऐवजी १५ फूट दाखवतो आणि लोक टेप घेऊन ते ‘दुरुस्त’ करायला बसतात. करू नये. सबवूफरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारा उशीर त्या आकड्यात धरलेला असतो. याउलट, मुख्य स्पीकर ‘लार्ज’ (सगळा खर्ज स्वतःच वाजवणारे) लागले असतील तर ते हाताने ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झवर आणणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. सबवूफरवरची क्रॉसओव्हरची (वरचे सूर गाळण्याची) कळ मात्र शेवटपर्यंत उघडी ठेवायची. गाळणी रिसीव्हरमध्ये असताना दुसरी नको.

सबवूफर बंद पेटीचा की (हवा आतबाहेर जायला पेटीला भोक ठेवलेला) भोकाचा, हा नेहमीचा वाद. भोकाची पेटी ठरावीक सुरापर्यंत जास्त जोर देते, पण त्याखाली तिचा आवाज सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो; बंद पेटीचा १२ ने उतरतो. आता वरचा हॉल आठवा. ३६ हर्ट्झखाली बंद, पक्क्या भिंतींची खोली स्वतःच खर्जाला उचल देते आणि बंद पेटीची उतरण बरीचशी भरून निघते. त्यामुळे छोट्या काँक्रीट हॉलसाठी बंद पेटी हे माझ्या मते पहिलं उत्तर आहे. जागाही ती कमी खाते. हॉल उघड्या स्वयंपाकघराला आणि पॅसेजला जोडलेला असेल तर ही उचल पातळ होते आणि भोकाच्या पेटीची बाजू वर येते. आकारात काटकसर नको : सबवूफरच्या १२ इंची पडद्याचं (हवा ढकलणाऱ्या कोनचं) क्षेत्र ८ इंचीच्या सव्वादोन पट असतं आणि तेवढ्याच जोराने एक सप्तक खाली जायला चौपट हवा हलवावी लागते.

तरीही एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम बरे. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेली जोडी फार परिणामकारक दिसली. आपल्याकडे टीव्ही आणि सोफा बहुधा १६ फुटांच्या दोन भिंतींना असतात. एक सबवूफर टीव्हीखाली आणि एक सोफ्यामागे ठेवला की ५७ हर्ट्झच्या घुमण्याला ते दोन विरुद्ध बाजूंनी ढकलतात आणि तो सूर जागीच विझतो. दोन्ही लांबीच्या मध्यावर असल्याने ३६ चा सूरही फारसा चेतत नाही. किंमत मोजावी लागते ती हॉलभर फिरणाऱ्या वायरीची. स्कर्टिंगलगत पट्टी मारून ती लपते.

राहिला शेजार. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे मोजमाप ‘ए’ भाराचं, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार सुरांना कमीजास्त धरणारं असतं, आणि त्या भारात ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. मीटरवर सगळं कायद्यात आणि खालच्या मजल्यावर मात्र भांडी थरथरतात, असं होतं ते यामुळे. पेटीखालचे रबरी पाय जमिनीत जाणारी कंपनं कमी करतात. हवेतून स्लॅबला लागणारा दाब त्यांनी थांबत नाही. ऑडिसीचा ‘डायनॅमिक ईक्यू’ तर हळू आवाजात खर्ज मुद्दाम वाढवतो, कारण कानाला तो तेव्हा कमी ऐकू येतो. रात्री दहानंतर तो बंद करावा किंवा सबवूफरची पातळी ५-६ डेसिबल उतरवावी. डेनॉन–मरांट्झच्या वरच्या श्रेणीतल्या काही रिसीव्हरमध्ये शेजारच्या खोल्यांत झिरपणारा खर्ज कमी करणारा ‘एलएफसी’ नावाचा वेगळा पर्यायही असतो.