जॉर्जियन कविता : एका नावाची फरफट

१९१२च्या सप्टेंबरात लंडनच्या ग्रेज इनमधल्या एका घरी काही कवी दुपारच्या जेवणाला जमले आणि पुढे 'जॉर्जियन' नावाने पाच खंडांत निघालेल्या इंग्रजी कवितासंग्रहाचा बेत ठरला. यजमान नौदल खात्याच्या मंत्र्याचे खाजगी सचिव होते. त्याआधी एका तरुण कवीने त्यांना भलतीच कल्पना सुचवली होती. बारा काल्पनिक कवी उभे करायचे, सगळ्यांच्या कविता आपणच लिहायच्या आणि लोकांना कवितेकडे खेचायचं. खरे कवी असताना खोटे कशाला, असं सचिवांचं म्हणणं पडलं. डिसेंबरात पहिला खंड निघाला. त्यात १७ कवी होते. सुरुवातीला ५०० प्रती छापल्या, पुढे सुमारे १५,००० खपल्या.

घोळ झाला तो नावाचा. पाचवा जॉर्ज १९१०मध्ये गादीवर आला होता, म्हणून संपादकांनी, म्हणजे त्याच सचिवांनी, 'जॉर्जियन' हा शब्द निवडला. प्रस्तावनेत त्यांनी हे कवितेचं नवं पर्व असल्याचं उघड अभिमानाने लिहिलं. पण इंग्लंडात 'जॉर्जियन' म्हटलं की आधी आठवतात ती १७१४ ते १८३० या काळातल्या चार जॉर्जांची घरं आणि खुर्च्या. मराठीत 'जॉर्जकालीन' केलं तरी गोंधळ तोच. शिवाय राजाच्या नावाने ओळखली जाणारी कविता सरकारी, सोवळी असणार, असं न वाचताच वाटतं. माझ्या मते ही निवड या कवींना सर्वांत महाग पडली.

कारण तेव्हा ते बंडखोर ठरले होते. त्यांनी व्हिक्टोरियन भारदस्तपणा टाकला, बोलण्यातली भाषा घेतली, खेड्यातले कष्टकरी कवितेत आणले. १९१६मध्ये एका बुजुर्ग समीक्षकाने याच खंडांना आणि पुढे आधुनिक म्हणून गाजलेल्या कवींच्या एका संग्रहाला एकाच लेखात, एकाच काठीने झोडपलं होतं. लंडनच्या ब्लूम्सबरी भागातलं जे कवितेचं दुकान हे खंड छापत होतं, त्यानेच १९१४मध्ये प्रतिमावाद्यांचा, म्हणजे नेमक्या, ठसठशीत प्रतिमांवर भर देणाऱ्या आधुनिक कवींचा संग्रहही लंडनमध्ये आणला. जॉर्जियन आणि आधुनिक हे दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले होते, ही कथा बरीचशी मागाहून रचलेली आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं. कल्पना सुचवणारा तरुण कवी एप्रिल १९१५मध्ये एजियन समुद्रात, जहाजावर रक्तात विषबाधा होऊन गेला. १९१७च्या तिसऱ्या खंडात खंदकांतले कवी आले, त्यात मृत्यूचा चिखल आहे, नुसती पाखरं नाहीत. पुढचे दोन खंड, १९१९ आणि १९२२चे, मात्र खरोखरच पातळ निघाले. चांदण्याची नि कुरणांची ठरीव कविता तिथे जास्त आहे आणि संपूर्ण चळवळीचा निवाडा त्यांच्यावरूनच झाला. पाचवा खंड जेमतेम ८,००० खपला, सहावा निघालाच नाही. त्याच १९२२मध्ये आधुनिकतेचं सर्वांत गाजलेलं इंग्रजी दीर्घकाव्य आलं. १९२४मध्ये एका कादंबरीकार बाईंनी नेमक्या त्या आधुनिकांनाच 'जॉर्जियन' म्हटलं, पण तो अर्थ टिकला नाही. 'पातळ, ठरीव कविता' हा हिणकस अर्थच रुळला.

संपादकांवर राग धरणाऱ्यांनी पैशाचा हिशेबही पाहावा. मानधन कवींमध्ये वाटलं जाई, स्वतः ते काही घेत नसत. १८१२मध्ये संसदेच्या लॉबीत गोळी घालून मारल्या गेलेल्या पंतप्रधानाच्या कुटुंबाला मिळालेल्या भरपाईतला वारसाहक्काचा वाटा ते चित्रकारांसाठी आणि कवींसाठी वापरत.

चुका त्यांच्याही आहेत. पहिल्या तीन खंडांत एकही कवयित्री नाही. कवितेच्या त्या दुकानाच्या मालकाने एका अस्सल कवयित्रीसाठी आग्रह धरला, तो त्यांनी मानला नाही. आणि ९ एप्रिल १९१७ला आरासच्या लढाईत पडलेला, इंग्लिश पाऊलवाटांचा आणि पावसाचा जो कवी आज जॉर्जियनांमध्ये सर्वांत जास्त वाचला जातो, त्याची एकही कविता या पाच खंडांत नाही.