‘बघू पुढे’वाल्या नात्यांची पार्श्वभूमी

घराबाहेर भेटण्याची मुभा, १९६० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली गर्भनिरोधक गोळी, १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या जोडीदार शोधण्याच्या वेबसाइट, प्रेमसंबंध जुळण्याच्या इतिहासातला हा टप्पा सर्वांना माहीत आहे. खरा फरक पडला २०१२ नंतर. टिंडर हे डेटिंग अ‍ॅप आलं आणि पुढे अंगठ्याने फोटो डावीकडे-उजवीकडे सारणं ही त्याची ओळख झाली. दोघांची पसंती जुळली तरच बोलणं सुरू होतं, त्यामुळे नकार कोणी दिला हे कळतच नाही. तोंडावरचा अपमान टळला, पण कारणही गेलं. बोलता बोलता गायब होणं, म्हणजे ‘घोस्टिंग’, हा त्याच सवयीचा पुढचा भाग.

या काळातल्या बांधिलकी नसलेल्या जवळिकीच्या भावनिक परिणामांवर वाद पेटला तो मुख्यतः एका शब्दामुळे. ‘हूकअप’ म्हणजे नक्की काय? कोणाच्या लेखी चुंबन, कोणाच्या लेखी शरीरसंबंध. सर्वेक्षणांत दोन्ही एकाच रकान्यात पडत गेले. त्यामुळे एक अभ्यास नैराश्याकडे बोट दाखवतो, तर दुसऱ्याला फारसा फरकच आढळत नाही. माझ्या मते त्यातल्या त्यात उपयोगी ठरली ती हेतू पाहणारी मांडणी: स्वतःला हवं म्हणून केलं, की नशेत, दबावाखाली, समोरचा सोडून जाईल या भीतीने? त्रास दुसऱ्या गटात जास्त दिसला. २००३ मध्येच कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरील एका पाहणीत असं आढळलं होतं की इतरांना हे सगळं आपल्यापेक्षा सहज जमतं, अशी मुलामुलींची समजूत असते. मग तक्रार कोण करणार?

‘सिच्युएशनशिप’ने, म्हणजे नाव न दिलेल्या नात्याने, गुंता आणखी वाढवला. २०२३ मध्ये हा शब्द एका मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या ‘वर्षातील शब्द’ निवडीत अंतिम चारांत होता. (आपल्याकडचं ‘लफडं’ कितीही बदनाम असलं, तरी त्यात काहीतरी चालू आहे हे तरी मान्य असायचं.) इथे महिनोन्‌महिने रोज बोलणं होतं, रुसवेफुगवे होतात, पण ‘आपलं नक्की काय आहे?’ हे विचारायचं धाडस होत नाही. संपलं तर ब्रेकअप म्हणायचीही सोय नाही. कशासाठी रडतोय, हे मित्रांना सांगणार तरी काय?

२०२२ च्या अखेरीस टिंडरनेच प्रोफाइलवर आपल्याला कसं नातं हवंय ही अपेक्षा नोंदवायची सोय दिली. त्या यादीत ‘अजून ठरलेलं नाही’ अशा अर्थाचाही एक पर्याय आहे.