टेहळणी, चरत्या पक्ष्यांची

दाणे टिपताना किंवा किडे शोधताना पक्षी मध्येच मान वर करून भोवताल न्याहाळतो, त्याला टेहळणी म्हणतात. मान खाली असते तेव्हा पोट भरते, वर असते तेव्हा शिकाऱ्याची चाहूल लागते. फार भुकेला पक्षी मान कमी वेळा उचलतो आणि धोका पत्करतो.

मान खाली घातलेला पक्षी आंधळा मात्र नसतो. पारव्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३४० अंशांतले दिसते. चोचीची घडणही कामी येते. चिमणी दाणा चोचीत घोळवून सोलते आणि तेवढ्यात मान वर ठेवू शकते, म्हणजे तिची टेहळणी जवळपास फुकटात होते. पारवा दाणा अख्खा गिळतो. त्याला ती सवड नाही.

थव्यात हा भार वाटला जातो. एच. रोनाल्ड पुलियम यांनी १९७३ मध्ये मांडले, की डोळे जितके जास्त तितकी प्रत्येकाला मान कमी वेळा उचलावी लागते. आर. ई. केनवर्ड यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शिकवलेला बाजवर्गातला शिकारी पक्षी रानकबुतरांवर सोडला होता. एकट्या कबुतरावरचे सुमारे ८० टक्के हल्ले यशस्वी झाले. पन्नासाहून मोठ्या थव्यांवरचे १० टक्केही नाहीत. तरी थव्यात सगळे सारखे सुरक्षित नसतात. कडेचे पक्षी मधल्यांपेक्षा जास्त वेळा मान वर करतात. शिवाय शेजारी दाणे संपवेल या घाईनेही मान खाली राहते, तेव्हा कमी टेहळणी म्हणजे निर्धास्तपणाच, असे धरू नये.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, जिथे १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले, हे उघड्यावर पाहायला मिळते. आडोसा नाही, त्यामुळे शिकारी लांबून दिसतो. पण पळून लपायलाही जागा नसते. हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतालगत तरंगत जातात आणि अचानक वर उगवतात, म्हणून चंडोलांना लांबची नजर पुरत नाही. झुडपांत चरणाऱ्या सातभाईंनी वेगळी तोड काढली आहे: एक जण उंच फांदीवर पहारा देतो, बाकीचे पाचोळा उलथतात. पहारेकरी ओरडला की सगळे झुडपात.

रब्बीच्या ज्वारीत दाणे भरू लागले की भोरड्यांचे थवे उतरतात. राखणदार माळ्यावरून गोफण फिरवतो, तेव्हा पक्ष्यांच्या लेखी तोही एक शिकारीच. दाण्यांचे नुकसान टळते ते थवा उडाल्याने, तसेच मान वर ठेवण्यात त्याचा वेळ गेल्यानेही. बुजगावण्याचा धाक मात्र फार दिवस टिकत नाही. जे कधीच हलत नाही, त्याच्याकडे पाहण्यात वेळ घालवणे पक्षी लवकरच सोडून देतात.