दोनशेचा चाकू की वीस हजारांचा?

पावसाळा ओसरू लागला की निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षाची कलमं बांधायची लगबग सुरू होते. डॉगरिज या मुळांसाठी लावलेल्या वाणाच्या खुंटात उभी चीर घ्यायची, हव्या त्या वाणाची काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवून पट्टी घट्ट गुंडाळायची. काम थोड्या वेळाचं, पण सगळी मदार चाकूवर. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढ करणाऱ्या पेशींचा एक थर असतो, जेमतेम काही पेशींइतका जाड. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना टेकला तरच कलम जुळतं. बोथट पात्याखाली पेशी कापल्या न जाता चेंगरतात, काळ्या पडतात आणि दोन जिवंत थरांच्या मध्ये मेलेला पडदा उभा राहतो.

बागेतल्या माणसाला चाकूची पारख असावी लागते ती यासाठी. आणि हल्ली तरुण बागायतदारांपासून अंजनेरी-हरिहरला जाणाऱ्या भटक्यांपर्यंत अनेकांना एकच प्रश्न पडलेला असतो: बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा घडीचा चाकू पुरेल, की परदेशी बनावटीचा वीस हजारांचा घ्यावा? माझ्या मते बहुतेकांना स्वस्त चाकू पुरतो, मात्र त्याच्या पात्याला पाणी नीट दिलेलं हवं, म्हणजे तापवून आणि एकदम थंड करून ते कडक केलेलं हवं, आणि पातं पातळ हवं. असं का, ते पोलादाच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही.

आधी धारेचं गणित पाहू. उत्तम लावलेल्या धारेची जाडी एक मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपण पात्यावर एक किलो वजनाइतका जोर दिला आणि धारेची दोन सेंटीमीटर लांबी फळाला टेकलेली असली, तर तिथला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५,००० पट होतो. हीच धार झिजून २० मायक्रॉन झाली की दाब २५० पटींवर येतो. मग आपण जोर वाढवतो, पातं निसटतं आणि बोट कापतं. या गणितात पोलादाचं नाव कुठेच येत नाही. दोनशेचं पातं एक मायक्रॉनपर्यंत घासलं तर पहिला काप ते वीस हजारांच्या पात्याइतकाच स्वच्छ घेतं. फरक पडायला लागतो तो शंभराव्या कापाला.

धार टिकते कशी, हे समजून घ्यायला अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत एखाद्या हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करून देणाऱ्या शॉपमध्ये जावं. तिथे डाय, पंच, कटर रोज भट्टीत जातात आणि बाहेर आल्यावर रॉकवेल यंत्राखाली तपासले जातात. हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने पोलादावर दाबतात आणि तो किती खोल रुतला यावरून कडकपणाचा आकडा काढतात. चाकूच्या पात्यालाही हाच न्याय लागू पडतो. तापवलेल्या पोलादात लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि तिच्यात कार्बन विरघळतो. ते एकदम थंड केलं की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो आत अडकतो आणि सगळी रचना ताणली जाते. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कडक असते, पण काचेसारखी ठिसूळ, म्हणून पुन्हा बेताने तापवून थोडा ताण सोडवावा लागतो. ते टेंपरिंग. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या चाकूचं पातं सुमारे १०४० अंश सेल्सिअसला तापवून कडक करतात, १६० अंशांना टेंपर करतात आणि ते रॉकवेल सी मापावर ५६ च्या जवळ येतं.

हे ५६ चं पातं काही फार महागड्या पोलादाचं नसतं. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम १५ टक्के. फ्रान्सच्या सावोय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवायला घेतलेला लाकडी मुठीचा चाकू आजही स्वस्तातच मोडतो. त्याच्या साध्या कार्बन पोलादाच्या पात्यात कार्बन ०.९ टक्क्याच्या आसपास असतो, आणि पातं इतकं पातळ की फळ चिरताना जाणवतच नाही. या दोन्ही चाकूंची ताकद नेमक्या तापमानात आणि पातळ पात्यात आहे. रस्त्यावरच्या बेनामी चाकूची अडचण त्याची कमी किंमत नव्हे. त्याच्या पोलादात पुरेसा कार्बन आहे का, ते योग्य तापमानाला तापवलं होतं का, याची कुणीच हमी देत नाही. कार्बनच नसेल तर कितीही पाणी द्या, पातं कडक होणार नाही.

आता महागड्या पोलादाकडे वळू, कारण त्यातलं शास्त्र खरोखर सुंदर आहे. कार्बन दीड टक्क्यापर्यंत वाढवला आणि सोबत क्रोमियम, व्हॅनेडियम घातलं की पोलादात कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि या धातूंच्या संयुगाचे दाणे तयार होतात, मार्टेन्साइटपेक्षाही कितीतरी कडक. अंबडच्या टूलरूममध्ये डाय बनवायला वापरतात ते डी-२ याच जातीचं: दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम. मधल्या किमतीच्या अनेक परदेशी चाकूंत आज हेच पोलाद येतं. त्यात एक खोच आहे. ओतीव डी-२ सावकाश थिजतं, म्हणून त्यातले दाणे मोठे होतात, काही तर चाळीस-पन्नास मायक्रॉनचे. एक मायक्रॉनच्या धारेवर असा दाणा आला की तो निखळतो आणि धारेला खाच पडते. यावर पावडर मेटलर्जीचा उपाय निघाला. वितळलेलं पोलाद फवारून त्याची भुकटी करायची. प्रत्येक थेंब क्षणात थिजतो आणि दाण्यांना वाढायला वेळच मिळत नाही. मग ती भुकटी प्रचंड दाबाखाली, उष्णतेने एकजीव करायची. दाणे दोन-पाच मायक्रॉनवर येतात. अमेरिकेत क्रुसिबल कंपनीने २००१ मध्ये आणलेलं एस-३०-व्ही हे अशा पद्धतीने, खास चाकूंसाठी घडवलेलं पोलाद. त्यात चार टक्के व्हॅनेडियम असतं. आपल्या दख्खनच्या प्रसिद्ध वूट्झ पोलादातही व्हॅनेडियमचा अंश असे आणि पात्यावरची नक्षी उमटण्यात त्याचा हात होता, असं धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हेन आणि पाती घडवणारे लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. तिथे ते खनिजातून आपसूक आलेलं होतं.

व्हॅनेडियम कार्बाइडमुळे पातं झिजता झिजत नाही, पण त्याची किंमत मालकालाही मोजावी लागते. हे दाणे कुरुंदाच्या दगडापेक्षा कडक असतात. घरातला साधा दगड दाण्यांभोवतीचं पोलाद घासतो आणि दाणे तसेच राहतात. अशा पात्याला हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते. ती नसेल तर वीस हजारांचा चाकू एकदा बोथट झाला की ड्रॉवरमध्ये पडून राहतो. कारखान्यातही हे पोलाद घासताना पट्टे भराभर संपतात, आणि तो खर्च किमतीत चढतो. उरलेली रक्कम टायटॅनियमची मूठ, बेअरिंगवर फिरणारं पातं, केसभरही न हलणारा खटका यांची. हा कौशल्याचा मोबदला आहे, तो आनंदाने द्यावा असं कुणाला वाटलं तर त्यात गैर काहीच नाही. पण द्राक्षाच्या काडीला यातलं काही जाणवत नाही.

मग महागडं पोलाद कुठे कामी येतं? पॅकहाउसमध्ये. दिवसभर पुठ्ठ्याची खोकी कापणाऱ्या माणसाला. जुन्या कागदापासून बनलेल्या पुठ्ठ्यात चिकणमाती, चुनखडी आणि बारीक रेती असते, ती मऊ पात्याची धार बघता बघता खाते. तिथे व्हॅनेडियमचं पोलाद पैसे वसूल करतं. फळं, भाजी, दोरी, कलमं यांना ते लागत नाही. अर्थात मऊ पदार्थ म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केससुद्धा वस्तऱ्याच्या धारेचे टवके काढतो. पोलादाची रचना जिथे एकसारखी नसते, तिथे वाकलेला केस धारेला नेमक्या कोनात पडला की टवका उडतो. म्हणजे कडकपणाइतकंच महत्त्व एकजिनसीपणाला आहे, आणि बारीक दाण्यांचं साधं स्टेनलेस तिथे मोठमोठे दाणे असलेल्या डी-२ ला मागे टाकू शकतं.

गंजाचं थोडक्यात. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात किंवा द्राक्षाच्या आंबट रसात साधं कार्बन पोलाद काळं पडतं. रोज पुसून तेलाचा हात फिरवणाऱ्यानेच ते घ्यावं. डी-२ मध्ये १२ टक्के क्रोमियम असूनही ते डागाळतं, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं आणि पृष्ठभाग राखायला थोडंच उरतं. व्हिक्टोरिनॉक्ससारखं स्टेनलेस इथे सर्वांत निर्धास्त.

स्वस्त चाकू घेतल्यावर वाचलेल्या पैशातून दुहेरी दगड घ्या, एक बाजू जाड, दुसरी बारीक. पातं दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांत धरून घासा, विरुद्ध कडेला वळलेल्या धातूची बारीक खरखरीत कड, म्हणजे बर, बोटाला लागेपर्यंत, मग बाजू बदला. कोन कमी केला तर तेच पातं अधिक काळ कापत राहतं. फार कमी केला तर मऊ पोलाद दुमडतं, तिथे थांबायचं. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते, ती तशीच राखावी. आणि धार लावणाऱ्याच्या सायकलवरच्या कोरड्या चाकावर पातं दिलंत तर ठिणग्यांकडे लक्ष ठेवा. १६० अंशांना टेंपर केलेली धार तिथे सहज ३०० अंशांवर जाते आणि मऊ पडते. कार्बन पोलादावर निळा डाग उमटून हे कळतं तरी. स्टेनलेसवर रंग उशिरा चढतो, त्यामुळे नुकसान दिसतही नाही. असं पातं सुधारायचं तर भाजलेली कड दगडावर ओलीच घासत आतलं कडक पोलाद लागेपर्यंत काढून टाकावी लागते.