मासाकी कितो आणि ‘रेइकान शोहो’विरुद्धची लढाई

८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची गोळ्या झाडून हत्या झाली आणि मासाकी कितो हे वकील जपानी वाहिन्यांवर सतत दिसू लागले. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्च या धार्मिक पंथाला सुमारे १० कोटी येन देऊन घर देशोधडीला लावले होते. जगाला हे नवे होते. कितोंच्या पिढीच्या वकिलांकडे अशा फायलींचा ढीग होता.

मुळात ही लढाई सुरू झाली ती ग्राहकांच्या फसवणुकीतून. १९८०च्या दशकात ‘टोयोटा शोजी’ नावाची कंपनी (मोटारवाल्या टोयोटाशी तिचा संबंध नाही) एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी माणसे पाठवायची. ती गोड बोलत, पाठ चेपून देत, सोने विकत आणि हातात सोन्याऐवजी कागद ठेवत. सुमारे २०० अब्ज येन बुडाले. जून १९८५ मध्ये कंपनीच्या अध्यक्षाचा ओसाकातल्या घरात, बाहेर पत्रकार कॅमेरे रोखून उभे असताना खून झाला. दिवाळखोरीचे काम पाहणारे वकील कोहेइ नाकाबो यांनी विक्रेत्यांकडून कमिशन परत मागितलेच, शिवाय त्यांच्या पगारातून कापलेला करही सरकारकडून सोडवून आणला. पैसा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मागे जायचे, हा धडा पुढे कामी आला.

कारण त्याच दशकात युनिफिकेशन चर्चचे अनुयायी दारोदार आणखी एक माल विकत होते: संगमरवरी कुंभ, छोटे पॅगोडा, नावाचे शिक्के. घरातले आजारपण पूर्वजांच्या पापामुळे आहे, हे घेतले नाही तर मुलावर बेतेल, अशी भीती घालायची आणि लाखो येन उकळायचे. यालाच रेइकान शोहो म्हणतात. राज्यघटनेच्या २०व्या कलमात धर्मस्वातंत्र्य असल्याने सरकारी यंत्रणा हात घालायला कचरे. वकिलांनी देव खरा की खोटा हा वाद बाजूलाच ठेवला. कोणती भीती दाखवून किती पैसे घेतले, एवढेच कोर्टापुढे मांडायचे. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय. १९८७ मध्ये या वकिलांची देशव्यापी संघटना उभी राहिली.

यामागुची प्रांतातल्या उबे इथे १९६० साली जन्मलेले, ओसाका विद्यापीठात कायदा शिकलेले कितो १९९० मध्ये वकील झाले. तो काळ भयाचा होता. ओम शिनरिक्यो पंथात गेलेल्या मुलांच्या पालकांची बाजू घेणारे योकोहामाचे वकील त्सुत्सुमी साकामोतो, त्यांची पत्नी आणि एक वर्षाचा मुलगा नोव्हेंबर १९८९ पासून बेपत्ता होते. पंथाच्या लोकांनी त्यांचा खून केला होता आणि त्याच्या काही दिवस आधी टीबीएस वाहिनीने साकामोतोंची मुलाखत प्रसारणाआधीच पंथाच्या लोकांना दाखवली होती. मृतदेह सापडले सप्टेंबर १९९५ मध्ये, त्याच पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडल्यानंतर. या क्षेत्रातल्या वकिलांना धोका किती खरा आहे, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

न्यायालयात गाडी हळूहळू सरकत होती. अनुयायांनी स्वतःहून पैसे गोळा केले, संस्थेचा काय संबंध, हा चर्चचा ठरलेला बचाव. १९९४ मध्ये फुकुओका जिल्हा न्यायालयाने तो फेटाळून मालक नोकराच्या कृत्याला जबाबदार असतो हेच तत्त्व चर्चला लावले.

आबेंच्या हत्येनंतर सरकारच्या ग्राहक व्यवहार संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीत कितो होते. डिसेंबर २०२२ मध्ये देणग्यांच्या अनुचित मागणीविरुद्ध कायदा झाला. भीतीपोटी केलेला करार रद्द करण्याची मुदतही फसवणूक लक्षात आल्यापासून १ ऐवजी ३ वर्षे झाली. ज्याच्या मनावर पंथाने पूर्ण ताबा मिळवला आहे अशा माणसाला हा कायदा कितपत वाचवेल, याबद्दल वकिलांना शंका होती आणि ती रास्तच होती. पैसे देणारा स्वतः खूश असतो. तक्रार करते ती त्याची मुलगी. नागानोतल्या एका वृद्धेकडून चर्चने ‘पैसे परत मागणार नाही’ असे लिहून घेतले होते, वर व्हिडिओही काढला होता. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते लेखी वचन रद्द ठरवले.

२५ मार्च २०२५ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने युनिफिकेशन चर्चची धार्मिक संस्था म्हणून असलेली मान्यता संपवण्याचा आदेश दिला. ओम पंथ आणि म्योकाकुजी हे मंदिर यांच्यावर अशीच कारवाई झाली, ती फौजदारी गुन्ह्यांमुळे. इथे पहिल्यांदाच आधार होता दिवाणी निकालांचा आणि तडजोडींचा: दीड हजारांवर पीडित, सुमारे २० अब्ज येन. वकिलांनी एकेका कुटुंबासाठी लढून मिळवलेले जुने निकालच इथे पुरावा ठरले.